निशी-कसाईचे टँगोमास्तर

निशी-कसाईतलं ते घर आम्हाला माझ्या चालण्यावरून मिळालं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांची विमानंच्या विमानं तोक्योत उतरत होती आणि उतरलेल्या प्रत्येकाला घर हवं होतं ते तोझाई मेट्रो लाइनवर, निशी-कसाईतच. आधी आलेले तिथे राहत होते आणि तूरडाळ तिथे मिळत होती, एवढं कारण पुरे होतं. घरमालकांना मात्र आम्ही नको होतो. एजंट फोन लावायचा, 'भारतीय जोडपं आहे' म्हणायचा, आणि बोलता बोलता फोनवरच कमरेत वाकून माफी मागायला लागायचा. तो वाकला की आम्ही समजायचो, हेही गेलं.

त्या दिवशी तीनदा वाकून झाल्यावर त्यानं आम्हाला एका जुन्या चारमजली इमारतीत नेलं. तळमजल्याचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. काळा सूट, पांढराशुभ्र शर्ट, काळा बो-टाय आणि पायांत घरातल्या कापडी सपाता. मला वाटलं, यांच्याकडे आज लग्न तरी आहे नाही तर मयत तरी. त्यांनी पासपोर्ट मागितला नाही, कंपनीचं नाव विचारलं नाही. आम्हाला आत घेतलं, टेबल भिंतीला सरकवलं आणि म्हणाले, "चालून दाखवा."

आधी समीर चालला. समीर म्हणजे माझा नवरा. तोयोसुला एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. तो रविवारीसुद्धा लिफ्टचं दार बंद होतंय अशा घाईनं चालतो. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मग माझी पाळी. मी मूळची चिंचवडची, स्वभावानं तापट, आणि सकाळपासून तीन नकार पचवून आलेली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी तणतणत गेले, गर्रकन वळले आणि तशीच परत आले. गृहस्थांनी डोळे उघडले.

"या बाई राहू शकतात," ते एजंटला म्हणाले. "त्यांच्याबरोबर हे गृहस्थही राहिले तर हरकत नाही."

घरमालकाला जपानीत ओओया-सान म्हणतात. यांना ते चालायचं नाही. "इमारत वडिलांनी बांधली, त्यात माझी चूक नाही," ते म्हणायचे. "मी ऑर्केस्ट्राचा प्रमुख आहे. मला माएस्त्रो म्हणा." आमच्या मराठी तोंडात त्याचं मास्तर व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. ते त्या हाकेलाही ओ देत.

मास्तर एकटेच राहत. कचरा टाकायलाही सूट-बो घालूनच बाहेर पडत. तिथे जळणारा कचरा एका वारी, न जळणारा दुसऱ्या वारी, बाटल्या तिसऱ्याच वारी. नव्यानं आलेल्या माणसाची पहिले काही महिने त्यातच परीक्षा होते. एकदा आमच्या पिशवीत चुकून बाटलीचं झाकण गेलं. मास्तर ते दोन बोटांत धरून वर आले आणि म्हणाले, "हे आधी आलं. याची जागा गुरुवारी आहे." सगळ्याच गोष्टींबद्दल ते असं बोलत. गाडीला उशीर झाला की गाडी लय सोडून गेली. वेळेच्या आधी आलेल्या पाहुण्याला ते वेळ होईपर्यंत दाराबाहेर उभं ठेवत, आणि स्वतःही त्याच्यासोबत बाहेर येऊन उभे राहत, म्हणजे त्याला एकटं वाटू नये.

वडील त्यांचे शेवाळ पिकवायचे. सुशीला गुंडाळतात ते काळं शेवाळ तेव्हा निशी-कसाईच्या समोरच्या उथळ समुद्रात व्हायचं. पुढे तो समुद्र बुजवला, शेवाळ गेलं आणि त्याच्या जागी इमारती उगवल्या. मास्तर त्याआधीच हाताबाहेर गेले होते. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या क्लबात पोरसवदा वयात ते पियानो बडवायचे. तिथे कुणीतरी टँगो या नाचाच्या संगीताची एक तबकडी विसरून गेलं. त्या तबकडीनं आयुष्य नासवलं असं त्यांची बहीण म्हणायची, घडवलं असं ते म्हणायचे.

एके काळी जपान टँगोसाठी वेडा झाला होता, हे मला आधी खरंच वाटेना. पण मास्तरांच्या भिंतीवर फोटो होते. भलंमोठं नृत्यगृह, खचाखच माणसं, व्यासपीठावर चार व्हायोलिनं, चार बँडोनियन, एक डबल बेस आणि पियानोशी केस चापून बसवलेले तरुण मास्तर. बँडोनियन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचाच दूरचा नातलग. मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा आणि दाबायचा. नंतर इलेक्ट्रिक गिटार घेऊन केसाळ मुलं आली आणि नृत्यगृहं बंद पडली. मास्तरांनी ऑर्केस्ट्रा बंद पाडला नाही. ते डिपार्टमेंट स्टोअरमध्ये छत्र्यांच्या विभागाच्या उद्घाटनाला वाजवू लागले. गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या हॉटेलांत, आंघोळीचे झगे घालून खेकडे फोडत बसलेल्या पाहुण्यांसमोर वाजवू लागले. पाचिंको म्हणजे तिथला गोळ्यांचा जुगार. त्याच्या एका दुकानासमोर ते वाजवायला उभे राहिले, तर पहिला टँगो संपेपर्यंत सगळे श्रोते आत जाऊन मशीनसमोर बसले होते. ही हकीकत ते भरलेल्या नृत्यगृहाइतक्याच अभिमानानं सांगत. किती लोकांनी ऐकलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "ऑर्केस्ट्रा एकदाही बंद पडला नाही," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

स्पॅनिश त्यांना येत होतं, पण सगळं गाण्यांतून शिकलेलं. त्यामुळे विश्वासघात, सुरी, म्हातारी आई, बंदरावरचं धुकं आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा एवढ्याच विषयांवर ते अस्खलित बोलू शकत. उमेदीच्या काळात ते एकदा टँगोच्या माहेरी, ब्यूनोस आयरेसला गेले होते. हॉटेलात टॉवेल नव्हता. टॉवेलवर कुणी टँगो लिहिलेला नाही. तेव्हा मास्तर व्यवस्थापकाकडे गेले आणि म्हणाले, "आई, मी उद्ध्वस्त झालो आहे, आणि माझे अश्रू पुसायला या जगात काही उरलेलं नाही." व्यवस्थापकानं आधी ब्रँडी पाठवली, मग पाद्री पाठवला. टॉवेल शेवटपर्यंत आला नाही.

त्याच मुक्कामात ते तिथला एक नावाजलेला ऑर्केस्ट्रा ऐकायला गेले. तिसऱ्या टँगोला वादकांनी लय वाढवली. मास्तरांना राहवेना. ते उभे राहिले आणि खरी लय कोणती ते टाळ्या वाजवून दाखवू लागले. लोकांना वाटलं, जपानी पाहुणा बेभान झालाय. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागलं, तेही वाढवलेल्या लयीत. मग त्यांना व्यासपीठावर ओढून नेलं, मिठ्या मारल्या, दोन्ही गालांचे मुके घेतले. दुसऱ्या दिवशी मास्तर मिळेल त्या विमानानं परत निघाले. "त्या देशात आता टँगो उरलेला नाही," ते सांगत. "तो फक्त इथे आहे." इथे म्हणताना ते बोट जमिनीकडे करत. म्हणजे जपानात, की निशी-कसाईत, की तळमजल्यावर, ते मला कधी नीट कळलं नाही.

मला याचं हसू यायचं, पण मी जपूनच हसायचे. तोक्योच्या आमच्या मराठी मंडळात मोदकाला कळ्या किती असाव्यात यावरून दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. माझी आई तेव्हा चिंचवडला सरळ दुकानातून मोदक आणत होती.

राहायला येऊन महिना झाला असेल. नळ गळत होता, ते सांगायला मी शनिवारी दुपारी खाली गेले. दार लोटलेलं होतं. आत काळ्या सुटातली म्हातारी माणसं अर्धवर्तुळात बसली होती. कुणाच्या खांद्याला व्हायोलिन, कुणाच्या मांडीवर बँडोनियन. मास्तर पियानोशी, पण पियानोचं झाकण बंद. आणि सगळे वाजवत होते. अगदी जीव तोडून वाजवत होते. आवाज मात्र शून्य. व्हायोलिनचे गज तारांच्या वर हवेत चालले होते, बँडोनियन नुसते श्वास घेत-सोडत होते, मास्तरांची बोटं लाकडी झाकणावर धावत होती. मी दारातच थिजले. माझे कान गेले की काय, असं वाटून मी हळूच खोकून पाहिलं.

एकदम मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले.

"दुसरं व्हायोलिन," मास्तर म्हणाले, "तुम्ही उतरलात."

"माफ करा," दुसरं व्हायोलिन म्हणालं आणि बसल्या जागी वाकलं. मग सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कारण साधं होतं. समोरच्या इमारतीत एक आजी राहत, त्यांना आवाज सहन व्हायचा नाही. तिथे शेजाऱ्याला त्रास देणं म्हणजे गुन्ह्याच्या जरासंच अलीकडे. आजींनी एकदा तक्रार केली, तेव्हापासून मास्तरांची तालीम अशी गप्प चालायची. पुढे त्याच आजींनी पोलीस बोलावले, कारण दर शनिवारी काळ्या सुटातली माणसं काळ्या पेट्या घेऊन आत जातात आणि आतून काहीच आवाज येत नाही, हे त्यांना जास्तच भयंकर वाटायला लागलं. पोलीस आला, बूट काढून आत बसला, एक अख्खा टँगो त्यानं पाहिला, ऐकला, काय असेल ते केलं. मग टोपी हातात घेऊन म्हणाला, "चालू द्या, पण शांतपणे." मास्तरांनी त्याचं कौतुक केलं. हा माणूस मध्ये एकदाही हलला नाही, म्हणाले.

खरा आवाज करायला मिळायचा तो महिन्यातून एकदाच, वॉर्डाच्या सांस्कृतिक हॉलमध्ये. तिथे हौशी मंडळांची नोंदणी असते. नियम दोन. निम्म्याहून जास्त सभासद वॉर्डात राहणारे हवेत, आणि शरदातल्या संस्कृती-महोत्सवात मंडळानं, निम्म्याहून जास्त सभासद हजर ठेवून, कार्यक्रम करायलाच हवा. दोन्हींपैकी एक चुकलं की नोंदणी गेली. मास्तरांचे वादक एकेक करून जगातून चालले होते, आणि उरलेले मुलांकडे, नदीपलीकडे चिबाच्या बाजूला राहायला गेले होते. हॉलवरची इशिदा-सान नावाची तरुण कारकून मास्तरांकडे आली, पुष्कळ वेळा वाकली, आणि यंदापासून नोंदणी होणं कठीण आहे असं सांगून गेली.

मी तेव्हा तिथेच होते. मास्तरांनी पियानोच्या झाकणावरून रुमाल फिरवला. "हॉल गेला की ऑर्केस्ट्रा बंद," ते म्हणाले. "महिनाभर हवेत वाजवायचं, तर एकदा तरी खरं ऐकावं लागतं. नाही तर आठवत नाही."

त्या माणसाच्या तोंडून बंद हा शब्द ऐकून मी तशीच वर आले. संध्याकाळी मी समीरला सांगितलं. समीरला त्यात काही अवघड दिसेना. आमच्या इमारतीतली घरं एव्हाना आपल्याच लोकांनी भरली होती.

"अगं, आमची नावं घालायची की! आम्ही सगळे वॉर्डातच राहतो," तो म्हणाला. "क्लायंटला हेडकाउंट दाखवतो तसं. बिलिंगला दहा, काम करणारे चार."

आणि त्यानं तसं मास्तरांना जाऊन सांगितलंही. आमच्या आयटीवाल्यांची हीच खोड. नावं दाखवायची म्हणजे नुसती दाखवायची, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी समीरचे दोन्ही हात हातांत घेतले, आणि पुढच्या शनिवारी आमच्या प्रत्येकाच्या दारात एकेक वाद्य ठेवलेलं होतं.

"अहो मास्तर, आम्हाला वाजवता येत नाही," मी म्हटलं.

"मी खोटं नाव देत नाही," मास्तर म्हणाले. "नाव दिलं की खुर्ची येते. खुर्ची आली की वाद्य येतं."

आमच्यावरच्या घरात नागपूरचा वानखेडे राहायचा. उंचापुरा गडी, मेनफ्रेमवर काम करायचा आणि कॉलेजात तबला वाजवायचा. उंची बघून त्याला डबल बेस मिळाला. तो जिन्यात त्या वाद्याला मिठी मारून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "हे काय होऊन राहिलं?"

मास्तरांचा हिशेब असा, की हॉलमध्ये आवाज खरे वादक करतील आणि आम्ही हालचाल करू. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात, म्हणून तो वाजतो. आमच्या गजांना मास्तरांनी साबण लावायला सांगितला, म्हणजे तारेवरून नुसता सरकेल. मी आमच्याकडचा चंदनाचा साबण दिला. तेव्हापासून ऑर्केस्ट्राच्या डाव्या बाजूला देवघरासारखा वास यायचा. वानखेडेच्या तारा ढिल्या केल्या. समीरला बँडोनियन दिला, आणि हवा सोडायचं बटण कायम दाबून धरायला सांगितलं. बिचारा आठवडाभर घर-ऑफिस करून दमलेला असायचा. तालमीत त्याला बसल्या बसल्या झोप लागायची आणि बँडोनियन त्याच्या घोरण्याबरोबर उघडायचा-मिटायचा. मास्तर खऱ्या वादकांना म्हणायचे, "याला म्हणतात श्वास. शिका."

आम्हाला मात्र ते खऱ्या वादकांपेक्षा जास्त रागवत. "त्यांची चूक ऐकू येते आणि संपते," ते म्हणत. "तुमची दिसते. दिसलेली चूक लोक घरी घेऊन जातात." ते पियानोवरून भुवयांनी ऑर्केस्ट्रा चालवायचे. डावी भुवई व्हायोलिनांची, उजवी बँडोनियनची. दोन्ही एकदम वर गेल्या की सगळ्यांनी जिवाच्या आकांतानं. वानखेडेची बोटं सवयीनं डबल बेसच्या पोटावर ठेका धरायला लागली की मास्तर वाजवणं थांबवून त्याच्या हातांकडे नुसते बघत राहायचे. त्यांच्या टँगोत ढोलकं-तबलं बसत नव्हतं.

माझी खुर्ची पहिल्या व्हायोलिनाशेजारी होती. पहिलं व्हायोलिन म्हणजे निवृत्त झालेले एक दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे बघून मी मनगट चालवायचे. मधोमध त्यांचा एक सोलो होता, त्या वेळी पियानोसकट सगळे गप्प बसायचे. मी मात्र सोलोतही त्यांच्याबरोबर गज फिरवायचे, कारण मास्तर म्हणाले होते की शेजारच्या खुर्चीनं झोपायचं नसतं.

खरं सांगायचं तर मी त्या शनिवारांची वाट बघायला लागले होते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली मी. एम.कॉम. होऊन दिवसभर खिडकीत बसून गाड्या बघायची. आठवडाभर माझ्याकडून कुणालाच काही नको असायचं. तिथे निदान माझं मनगट चुकतंय म्हणून एक माणूस मनापासून चिडत होता. आम्ही परतल्यालाही आता बरीच वर्षं झाली. जपानात काय केलंत असं कुणी विचारलं की मी सांगते, टँगो ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होते. वाजवून दाखवा म्हटलं की येत नाही म्हणते. लोक विषय बदलतात.

महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून सोसाट्याचा वारा सुटला. मास्तरांनी सगळ्यांना काळे कपडे सांगितले होते, म्हणून मी माझ्या पहिल्या संक्रांतीची काळी साडी नेसले होते. हॉलपर्यंत जाताना तिचा पदर दोन वेळा समीरच्या तोंडावर गेला. आत वॉर्डातले बरेचसे म्हातारे-म्हाताऱ्या येऊन बसले होते. आमच्या नंतर हुला नाचणाऱ्या आजींचा कार्यक्रम होता. त्या गळ्यांत कागदी फुलांच्या माळा घालून विंगेत तयार होत्या.

आणि खरे वादक आलेच नाहीत. तोझाई लाइन त्या भागात पुलांवरून, उघड्यावरून जाते. वारा फार झाला की गाड्या थांबवतात. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. सगळे एकाच गाडीनं निघाले होते आणि नदीपलीकडच्या स्टेशनात अडकले होते. टॅक्सीची रांग स्टेशनला वळसा घालून गेली होती. "काळजी नसावी, माएस्त्रो," ते म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी उशिराचा दाखला घेतला आहे." गाडी खोळंबली की स्टेशनवर तशी चिठ्ठी देतात, ऑफिसात दाखवायला. यांनी टँगोसाठी घेतली होती.

वेळ पुढे ढकलता येईना, हुलाच्या आजी तयार होत्या. इशिदा-साननी आम्हाला नजरेनंच मोजलं आणि तिचा चेहरा उजळला. "निम्म्याहून जास्त सभासद हजर आहेत," ती म्हणाली. "कार्यक्रम होऊ शकतो."

"अगं बाई, पण वाजवणार कोण?" मी मराठीतच म्हटलं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. "खुर्च्यांवर बसा," ते म्हणाले.

आम्ही बसलो. मास्तरांनी पियानोला वाकून नमस्कार केला, बसले आणि सुरू झाले. मला वाटलं होतं, ते आमचेही भाग पियानोवर उरकून घेतील. कुठलं? स्वतःच्या भागापलीकडे त्यांनी एक सूर जास्त वाजवला नाही. डावी भुवई वर गेली की आमचे चंदनी गज खाली-वर धावायचे आणि हॉलमध्ये फक्त पियानोची डग-डग ऐकू यायची. उजवी वर गेली की समीर आणि मंडळी भराभर हवा ओढायची. त्या दिवशी तो जागा होता आणि त्यामुळे फारच वाईट वाजवत होता. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "भारतातली वाद्यं किती शांत असतात, नाही?"

मग सोलो आला. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. मास्तरांची डावी भुवई माझ्याकडे वळून वर गेली.

सगळा हॉल गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी गज उचलला आणि वाजवायला लागले. डॉक्टरांचा सोलो मला सगळा पाठ होता, त्यांच्या त्या कापऱ्या सुरासकट. मला तो ऐकू येत होता. इतक्या लोकांसमोर, एकटीनं, परक्या देशात, असं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. छाती इतकी धडधडत होती की तोच आवाज बाहेर जाईल अशी भीती वाटली. मी संपवलं, मास्तरांचे हात मांडीवरून उठले, आणि टँगो पुढे गेला आणि संपला. टाळ्या झाल्या. व्यवस्थित, भरपूर.

विंगेत आलो तर मास्तर सरळ इशिदा-सानच्या टेबलापाशी गेले आणि खोल वाकले.

"आमचं नाव काढून टाका," ते म्हणाले. "आज ऑर्केस्ट्रा वाजला नाही. फक्त पियानो वाजला."

इशिदा-सान गोंधळली. तिनं नियमावली काढली, बोट ठेवून वाचली. "सभासद हजर होते. वाद्यं होती. वेळेत सुरू झालं, वेळेत संपलं," ती म्हणाली. "आवाजाबद्दल इथे काही लिहिलेलं नाही."

"मी खोटं नाव दिलं नाही. खोटा कार्यक्रमही देणार नाही. काढून टाका. ऑर्केस्ट्रा बंद."

तेवढ्यात दार उघडलं आणि वाऱ्यानं विस्कटलेले खरे वादक हातांत उशिराचे दाखले घेऊन आत आले. काय चाललंय ते ऐकून जागच्या जागी उभे राहिले. माझं मात्र डोकं तापलं. समीरनं पदर ओढला, "अगं, जाऊ दे ना," म्हणाला. मी पदर सोडवून घेतला.

"मास्तर, मी वाजवलं नाही म्हणता?" मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"बाई, तुमचा आवाज—"

"आवाजाचं विचारलं नाही मी. माझा सोलो कसा झाला ते सांगा."

त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. व्यासपीठावर हुलाचं गाणं सुरू झालं होतं.

"शेवटच्या दोन मात्रांत घाई केलीत," ते म्हणाले.

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बरोबर होतं. वरचा एक सूर उतरला."

"तिथे माझाही उतरतो, माएस्त्रो," मागून दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि शेवटी मीही घाई करतो. कित्येक वर्षं करतोय."

"अन् माझं?" वानखेडेनं विचारलं.

"डबल बेस," मास्तर म्हणाले, "फार मोठ्यानं वाजत होता."

असं म्हणाले आणि स्वतःच दचकले. डब्यात हात घातलेला मुलगा पकडला जावा तसे आमच्या सगळ्यांकडे बघत राहिले. इतके शनिवार आम्ही याला सोंग समजत होतो, आणि हा माणूस आमचा एकेक सूर ऐकत होता. बाकी कुणाला ऐकू गेला नाही, एवढंच.

इशिदा-साननी पेन उघडलं. "मग काय लिहू?" तिनं अगदी हळू विचारलं. "वाजला?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, डोळे पुसले, रुमाल घडी करून ठेवला. मग ताठ उभे राहिले.

"लिहा, वाजला," ते म्हणाले. "पण चांगला वाजला नाही. तेही लिहा."

इशिदा-साननी दोन्ही लिहिलं.